अग्रक्रमाचे दप्तरदार

ज्या कचेरीचा कारभार लिनक्सवर चालतो तिथे एक दप्तरदार असतातच, आणि ज्या वाचकाच्या लॅपटॉपचा वायफाय कधीतरी रुसला असेल त्याला त्यांचे वर्णन ऐकवण्याची आवश्यकता नाही. आमच्या दप्तरदारांपुढे कोणतीही तक्रार मांडा, चष्म्यावरून पाहत ते एवढेच विचारतात : “हे कोणत्या फाइलीत लिहिले आहे?”

परवा एका नवशिक्याने, कन्सोलच्या रिकाम्या ओळीत बॅकस्पेस दाबताच केकाटणारा स्पीकर कायमचा मुका करावा या सद्हेतूने, ‘पीसीएसपीकेआर’ या मॉड्यूलचे नाव ब्लॅकलिस्टमध्ये घातले, मशीन पुन्हा सुरू केले, आणि स्पीकर पूर्ववत केकाटला. दप्तरदारांनी नेहमीचा प्रश्न विचारला. फाइलीच्या नावाला ‘डॉट कॉन्फ’ हे शेपूट नव्हते. आणि बिनशेपटीच्या फाइलीत वेदवाक्य लिहिलेले असले तरी मॉडप्रोब तिकडे ढुंकूनही पाहत नाही.

मग प्रवचन सुरू झाले. वितरकाने ‘यूएसआर-लिब’मध्ये ठेवलेल्या फाइलीवर त्याच नावाची ‘रन’मधली फाइल मात करते, आणि या दोघींवर ‘एटसी’तली, म्हणजे स्थानिक प्रशासकाच्या हद्दीतली; तिथे त्याच नावाने ‘डेव्ह-नल’कडे नुसता दुवा करून ठेवला, तरी वितरकाचे फर्मान समूळ रद्दबातल. उरलेल्या फायली, त्या कोणत्याही डिरेक्टरीतल्या असोत, नावांच्या वर्णक्रमाने वाचल्या जातात. “आणि बहिष्कारावर भिस्त ठेवू नका,” दप्तरदारांनी बजावले. ब्लॅकलिस्ट केवळ टोपणनावाने येणाऱ्याची वाट अडवते. कोणी खऱ्या नावाने हाक मारली, किंवा दुसऱ्या मॉड्यूलला त्याची गरज लागली, की बहिष्कृत उजळ माथ्याने आत येतो. दार खरोखरच बंद करायचे तर ‘इन्स्टॉल’च्या ओळीत त्याच्या नावापुढे ‘बिन-फॉल्स’ लिहावे लागते.

हे सारे कचेरीपुरते राहते तर तक्रार नव्हती. परंतु सोसायटीच्या सभेत सचिवांनी लिफ्टमधून कुत्रे नेण्यास मनाई जाहीर करताच यांनी तीच पृच्छा केली. डॉक्टरांनी मीठ बंद करण्यास सांगितले तेव्हाही केली. आणि एका लग्नात वरपक्षाच्या मानपानाविषयीही केली, ज्यामुळे पंगत बराच वेळ खोळंबली. त्यांना निरुत्तर केले ते एकट्या वहिनींनी. “या घरातली एटसी मी,” असे म्हणून त्यांनी दुधाची पिशवी त्यांच्या हाती दिली, आणि दप्तरदार मुकाट्याने दूध तापवायला गेले.

तथापि एक गोष्ट नाइलाजाने कबूल केली पाहिजे. एटसीतल्या त्यांच्या प्रत्येक ओळीच्या वर, हॅशचे चिन्ह घालून, ही ओळ का लिहिली, कोणत्या यंत्रासाठी लिहिली आणि केव्हा काढून टाकावी हे त्यांनी नोंदवलेले असते. खाली ‘यानंतर इनिटरामएफएस नव्याने बांधावे, अन्यथा बूटच्या आरंभी जुनीच नक्कल वाचली जाईल’ अशी ताकीदही असते. रात्रपाळीवरच्या कित्येक पोरांची अब्रू त्या नोंदींनी राखली आहे.

कचेरीत मात्र त्यांच्या लेखी हरकतीवर मुख्यालयातून फोनवर आलेला तोंडी हुकूम हटकून मात करतो. दूरच्या निर्मात्यापेक्षा जागेवरच्या माणसाचा शब्द वरचढ मानणारी राज्यव्यवस्था त्यांना उभ्या हयातीत एका डिरेक्टरीतच आढळली. तिची सनद ते चारचौघांत वारंवार वाचून दाखवतात, याचा राग तरी किती धरायचा?