मानपॅन

हळदीचं आगरी गाणं मिक्स करायला बसण्याआधी बाहेर कंटेनर रिव्हर्स घेणाऱ्या ड्रायव्हरला चहा पाजावा. भिवंडीजवळ पूर्ण्यात गोदामांच्या रांगेत स्टुडिओसाठी गाळा घेतला, की भिंतीला फोम लावण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. मग दोन स्पीकर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण होईल अशी खुर्ची सरकवावी. पोट हिशेबात धरू नये.

आता पॅनिंग, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाद्यांचे पाट मांडायचे. मधला मानाचा पाट गायकाचा, बेसचा आणि ढोलकीच्या धुम्याचा. खर्ज कुठल्या बाजूनं येतोय हे कानाला धड कळत नाही, त्यामुळे त्याला कोपऱ्यात बसवलं तर एक स्पीकर उगाच दमतो. मध्ये बसणारा दोन्हीकडून वाजून फुगतो, म्हणून मिक्सर बहुधा त्याचे तीन डेसिबल कापून घेतो. मानाच्या पाटालाही टीडीएस आहे.

ढोलकीला दोन माइक लावले असतील तर धुम्याचा मान विसरून तो पार डावीकडे आणि शाई पार उजवीकडे न्यावी. मग वादक एक गुडघा राहनाळला आणि दुसरा काल्हेरला टेकवून बसल्यासारखा ऐकू येतो. गिऱ्हाइकाला हे आवडतं.

लग्नाचे धवले असतील तर जपून. एक धवलारीण ओळ म्हणते, बाकीच्या ती उचलतात. उचलणाऱ्या खुशाल दोन्हीकडे वाटाव्यात. पण पुढं म्हणणारी लग्न लावणारी बाई आहे. तिला कडेला सरकवायचं तर आपापल्या जबाबदारीवर सरकवा.

आवाज डावीकडून उजवीकडे फिरवायला शिकायचं तर भिवंडीतल्या यंत्रमागासमोर पाच मिनिटं उभं राहावं. धोटा इकडे फटका खातो, तिकडे पोचतो, तिकडे फटका खाऊन परत. ॲलन ब्लुमलाइननं १९३१ मध्ये इंग्लंडात स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. भिवंडीत असता तर एवढं डोकं चालवावं लागलं नसतं.

राहिला बेंजो. त्याची एक नक्कल डावीकडे ठेवावी, दुसरी उलटी करून उजवीकडे. एकीची लहर वर जाते तेव्हा दुसरीची खाली. खुर्चीत बसून ऐकलं की बेंजो गाळ्याच्या भिंती फोडून शेजारच्या गोदामातून येतो. मी असाच ठेवला होता. तीन रात्री घालवल्या त्यावर.

हळदीच्या मांडवात डीजेवाल्यानं दोन्ही बाजू एकत्र करून सोडल्या. त्याचंही बरोबरच. स्पीकरांच्या डाव्या थप्पीजवळ नाचणाऱ्या मावश्यांनी निम्मंच गाणं का ऐकावं? पण उलटी लहर सुलटीला भेटली आणि दोघी मिळून शून्य झाल्या. गायक होता, ढोलकी होती, बेस तर छातीत होता. कडव्यांच्या मधल्या जागेत नुसताच ठेका. हळदीनं पिवळा झालेला बेंजोवाला डाव्या थप्पीला कान लावून आला, मग उजव्या. मग माझ्याकडे.

‘‘दादा, मी वाजवला होता ना?’’

मिक्सरवर दोन्ही बाजू एकत्र करणारं मोनोचं एक बटण असतं. ते आधी दाबून ऐकायचं असतं. हल्ली मी बेंजो एकेरीच घेतो आणि गायकाच्या मांडीला मांडी लावून बसवतो. गायक रुसलाय.