नानांचं वाळवंट

रामघाटावर सांगवेद विद्यालयातल्या मुलांचा सकाळचा पाठ सुरू झाला, की आमच्या वाड्यात नानांचाही सुरू होतो. मुलं संहिता म्हणतात, नाना प्रवास म्हणतात. वाराणसीहून मरुधर एक्स्प्रेसने जोधपूर, जोधपूरहून जैसलमेरची गाडी, जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर सम आणि समला वाळूच्या टेकड्या. मुलांचा एखादा स्वर घसरतो. नानांचा कधीच नाही.

नाना टपाल खात्यातून निवृत्त झाले. काकू ज्याला जैसलमेर म्हणतात, ते नानांच्या लेखी ३४५००१. सगळ्या कुटुंबाने एकदा तिथे जाऊन वाळूत बसून सूर्यास्त पाहायचा, एवढाच त्यांचा संकल्प. त्यासाठी एक लाल कापडी पाठीची वही आहे. पहिल्या पानावर ‘श्री गजानन प्रसन्न’, दुसऱ्यावर जाणाऱ्यांची नावं, वय आणि बर्थ. वयाच्या रकान्यात इतकी खाडाखोड झाली आहे, की तिथला कागद आरपार दिसतो. धाकट्या नातवापुढे आधी ‘अर्धं तिकीट, उंटावर आईपुढे’ असं होतं. तो आता इंजिनिअरिंगला आहे. त्याची नोंद ‘पूर्ण तिकीट, उंटावर स्वतंत्र’ अशी सुधारलेली आहे. खुद्द नाना याच काळात वरच्या बर्थवरून मधल्यावर आणि मधल्यावरून खालच्यावर आले. गाडीत पाऊल न टाकता.

रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुलं व्हायचं. नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली. देशाने हे निमूट सोसलं. नानांनी दोन दिवस दाढी केली नाही. “साठ दिवसांत काय डोंबलाची योजना होते?” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते. १२० दिवसांतही झाली नव्हती, हे कुणी बोललं नाही. रामघाटावर मोठ्या माणसांचा मान राखतात.

तसं पाहिलं तर एकदा सगळं जुळत आलं होतं. पुण्याच्या आत्याने फोनवर सांगितलं, “मी माघ वद्यात येते.” सूनबाई इथल्या हिंदी घरातल्या. त्यांनी भिंतीवरच्या काशीच्या पंचांगात माघाचा कृष्ण पक्ष पाहून शाळेतून रजा घेतली. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांचं गोत्र एक, कृष्ण पक्षात मात्र अख्ख्या महिन्याचं अंतर. सूनबाईंची रजा जानेवारीत संपली आणि आत्या फेब्रुवारी सरता सरता कालनिर्णय हातात घेऊन उतरल्या. तेव्हापासून नाना दोन्ही पंचांगांना चालेल अशी तारीख शोधतात. जैसलमेरचा मरु महोत्सव माघ शुद्ध त्रयोदशीपासून पौर्णिमेपर्यंत असतो. त्यावर दोन्ही पंचांगांचं एकमत आहे, पण तेव्हा घरात कुणाची ना कुणाची बोर्डाची परीक्षा.

शिवाय आजी. नानांच्या मातोश्रींनी क्षेत्रसंन्यास घेतला आहे. काशीची सीमा ओलांडायची नाही, देह इथेच ठेवायचा. आजींना सोडून जायचं नाही हा नानांचा नियम, आणि आजी हलायच्या नाहीत हा आजींचा. दोन्ही नियम वहीत एकाखाली एक लिहिले आहेत, दोन्हींवर लाल रेघ आहे.

वहीचा उपयोग होत नाही असं मात्र समजू नका. नाना सोडून सगळ्यांना होतो. दुर्गाघाटावरचे डॉक्टर सहकुटुंब जाऊन आले, बंगाली टोल्यातले नानांचे मित्र दोनदा गेले. बंगाली माणसाला तिथे जायला कारण लागत नाही. सत्यजित राय यांनी १९७४ साली ‘सोनार केल्ला’ काढून जैसलमेरचा किल्ला त्यांच्या घरचा करून ठेवला. त्याच राय यांनी १९७९ मध्ये ‘जय बाबा फेलुनाथ’साठी आपला गुप्तहेर फेलुदा बनारसला आणला. म्हणजे फेलुदा जैसलमेर उरकून काशीला आला, आणि काशीतल्या नानांचं अजून खालच्या बर्थचंच चाललंय.

परत आलेल्यांची नाना तोंडी परीक्षा घेतात.

“माळढोक दिसला?”

“नाही बुवा.”

“३,१६२ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे ते! मग पाहिलंत काय?”

“उंट.”

“आणि आकलची दगड झालेली झाडं?”

“ती राहिली.”

“राहिली!” नाना हताश होऊन वही मिटतात. असल्या बेजबाबदार लोकांच्या हाती आपण वाळवंट दिलं, याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभर असतं.

हे सगळं ज्या ओट्यावर चालतं, तिथून गंगेपलीकडे मैलोन्‌मैल वाळूच दिसते. गंगा इथे वळण घेऊन उत्तरेला वाहते. या काठाला धार आणि घाट, त्या काठाला वाळू. १९८९ पासून २०२० पर्यंत हा पट्टा कासवांचं अभयारण्य होता, त्यामुळे वाळूउपशाला बंदी होती. २०२१ मध्ये त्या वाळूतून पाचेक किलोमीटरचा कालवा खणला, पुराने तो बुजवला. २०२३ च्या जानेवारीत तिथे तंबूंचं शहर उठलं, मग हरित लवादात तक्रार गेली. नानांचे वडील तर नेमाने नावेतून ‘बहरी अलंग’ला जायचे. गमछा, साबण, लोटा आणि भांगेची गोळी, एवढीच त्यांची तयारी.

“नाना, समोर आहे की वाळू,” नातू म्हणाला.

“ती रेती. पावसाळ्यात जी जागेवर राहत नाही तिचा आराखडा कसा करणार?”

“समच्या टेकड्याही वाऱ्याने सरकतात.”

“त्या सरकतात. पण पिनकोड सोडून जात नाहीत.”

खरी अडचण वेगळी होती. पलीकडे जायला आरक्षण लागत नाही, आणि ज्याला आरक्षण लागत नाही तो नानांच्या मते प्रवासच नव्हे.

थंडीतल्या एका रविवारी काकूंनी पोह्यांचा डबा भरला, आजींना शेजाऱ्यांकडे बसवलं आणि “चला” म्हणाल्या. योजना एवढीच. नाना वही घेऊन पायऱ्यांवरून मागे धावले. “अगं, पलीकडे व्यासकाशी! तिथे मरण आलं तर पुढचा जन्म गाढवाचा!”

“आम्ही पोहे खायला चाललोय.”

मुद्दा नीट पटवावा म्हणून नाना नावेत बसले. सीएनजीचं इंजिन सुरू झालं. मुद्दा मोठा होता, नदी लहान पडली.

वाळूवर गोंड्यांनी सजवलेला एक उंट उभा होता. “बैठिए बाबूजी, राजस्थानी ऊंट हौ,” उंटवाला म्हणाला.

“राजस्थानात कुठला?”

“ई त ऊंट जाने.”

मग नानांनी त्याला राजस्थान सांगितलं. मरुधर, जोधपूर, सम, माळढोक, आकल, काही सोडलं नाही. तोवर नातवाच्या दोन फेऱ्या झाल्या, सूनबाईंची झाली, काकूही हौद्यात बसल्यागत ऐटीत मिरवून आल्या. डबा रिकामा झाला. उंटवाला मात्र मांडी घालून ऐकत होता. जन्मात त्याला कुणी एवढं समजावून सांगितलं नव्हतं.

“आप कब गए थे, बाबूजी?”

नाना क्षणभर थांबले. मग त्यांनी वही उघडली, खिशातून पेन काढलं. “जायचंच आहे. तूही चल. नाम बोलो. उमर?”

काकू हात झटकत उठल्या. “अहो, उंटाचंही लिहा. त्याला रस्ता तरी पायाखालचा आहे.”