पिशवी काढली, आणि बरोबर आणखी काय?

दसरा-दिवाळी झाली की मांजरसुंब्याच्या चौकातून ऊसतोडीच्या गाड्या सुटतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी थेट बेळगावकडे. गाडीत भांडीकुंडी, लेकरं, कोयते सगळं असतं. बाईच्या ऑपरेशनची फाइल तेवढी नसते. ती बीडकडच्या कुठल्याशा दवाखान्यात पडलेली, असलीच तर.

मग फडात एखादीची कंबर धरते, रात्री अंगाची आग होते. तिथला डॉक्टर विचारतो, "कसलं ऑपरेशन झालंय, बाई?"

"पिशवी काढलीय, साहेब."

"अंडाशयं ठेवलीत का?"

हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. ऐन तिशीत अंडाशयं गेली तर हाडं लवकर ठिसूळ होतात, त्यामुळे पुढचा सगळा उपचार या एका उत्तरावर अडलेला. डिस्चार्ज कार्ड सापडलंच तर त्यावर एक इंग्रजी लघुरूप आणि एक सही. दोन्ही वाचता येत नाहीत.

यावर तोडगा आहे आणि तो फुकट आहे. 'स्नोमेड सीटी' ही वैद्यकीय संज्ञांची जागतिक यादी. साडेतीन लाखांवर संकल्पना, प्रत्येकीला आपला आकडा, म्हणजे कोड. नुसती पिशवी काढली तर एक आकडा, अंडाशयांसकट काढली तर दुसरा. ती चालवणाऱ्या संस्थेचा भारत २०१४ पासून सदस्य. केंद्र सरकारने संगणकीय आरोग्य नोंदींची मानकं २०१३ मध्ये काढली, २०१६ मध्ये सुधारली. मदतीला पुण्यात सी-डॅकचं केंद्र आहे. बीडहून पुणे काही सातासमुद्रापार नाही.

तरीही २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात किती बायकांच्या पिशव्या गेल्या, हे कळायला सर्वेक्षण करून बायकांनाच विचारावं लागलं. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची काढलेली निघाली. नीलम गोऱ्हे यांची समिती बसली, सिव्हिल सर्जनच्या परवानगीची अट आली. पण तेरा हजारांचा ढीग साचेपर्यंत तो एकाही पडद्यावर दिसला नाही.

कोड घातला म्हणून डॉक्टर खरं बोलेल, असं नाही. पाळीत खाडा पडतो, खाड्याचा दंड मुकादम उचलीतून कापतो, म्हणून पिशवी काढली, हे कारण कुणीच फाइलवर लिहिणार नाही. पण थाप मारायला का होईना, एक ठरलेलं कारण निवडावं लागतं. एकाच दवाखान्यात पंचविशी-तिशीतल्या शेकडो बायकांना एकच कारण लागलेलं दिसलं, की जिल्ह्याला बसल्या जागी प्रश्न विचारता येतो. अशा प्रश्नाची धास्ती कुणाला, हे मांजरसुंब्याच्या चहावाल्यालाही ठाऊक आहे.

"आमच्याकडे कोडबिड लिहायला वेळ कुठाय?" हे खासगी दवाखान्यांचं ठेवणीतलं उत्तर. वेळ नसेल, मान्य. मग महात्मा फुले योजनेचा क्लेम कसा भरला जातो? तिथे प्रत्येक शस्त्रक्रियेला कोड आहे, आणि तो चुकला तर पैसे अडकतात. तो कोड बरा बिनचूक पडतो.