तिसरा पेड

'नाही' म्हणायचा मला पगार मिळतो. विमा कंपनीत मोटारींच्या नुकसानीचे दावे तपासायचे, हे माझं 24 वर्षांचं काम. पावसाळ्यात पाण्यात बुडालेल्या गाडीचा मालक डोळे भरून समोर बसला, तरी मी चष्मा पुसत विचारतो, "पाणी शिरल्यावर चावी फिरवली होती का?" फिरवली असेल तर इंजिन पाण्याने नाही, चावीने गेलं. दावा नामंजूर. पुढचे या.

हाच माणूस संध्याकाळी कोथरुडच्या टू बीएचकेत शिरला, की दोन कुत्र्यांचा मालक होतो, आणि त्या दोघांना त्याने आजवर एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही. म्हणजे म्हटलंय, पण त्यांनी ऐकलेलं नाही.

बाजीराव हा आमचा लॅब्रॅडॉर. वय नऊ, वजन 32 किलो, कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला पलंगाखाली. नाव मीच ठेवलं. तो तेव्हा चपलेएवढा होता आणि इतिहास घडायचा बाकी होता. ठमी गावठी, 18 किलोंची. नसबंदी केलेल्या भटक्या कुत्र्यांच्या कानाला ओळखीसाठी खाच पाडतात, तशी तिच्या कानाला आहे आणि ती खाच ती पदकासारखी मिरवते. घर ती चालवते. बाजीराव घाबरतो, ठमी घाबरवते, आम्ही तिघं माणसं मधून वाट काढतो. असं एकूण बरं चाललं होतं.

जूनमध्ये सी विंगमधलं एक बिऱ्हाड बेंगळुरूला गेलं. टेम्पो गेला, गाडी गेली, बीगल राहिली. "पंधरा दिवसांत सोय करतो," असं वॉचमनला सांगून गेले. पंधरा दिवसांचा महिना झाला, तेव्हा न राहवून मी मेसेज टाकला, की काय ठरलंय? उत्तरात नुसता वर केलेला अंगठा आला. त्याचा अर्थ मी अजून लावतोय.

तिचं नाव कोको. वॉचमनच्या खुर्चीखाली तिचा मुक्काम. मी गाडी लावून उतरलो, की ती आधी टायर हुंगायची, मग माझे बूट, मग डब्याची पिशवी. डब्यात उरलेली अर्धी पोळी मी तिला द्यायचो. दुसऱ्या आठवड्यापासून मी अर्धी पोळी उरवायला लागलो. तिसऱ्या आठवड्यात बायकोने काही न बोलता डब्यात एक पोळी जास्त घालायला सुरुवात केली. खरं म्हणजे प्रकरण तिथेच संपलं होतं. पण हे कळायला लागते ती अक्कल माझ्याकडे फक्त ऑफिसच्या वेळेत असते.

तिसरं कुत्रं नको, याची माझ्याकडे कारणं ढीगभर होती. जागा नाही, बाजीरावचं वय झालंय, बायकोचा गुडघा, माझी कंबर. अडचण एवढीच, की 'नाही' मी म्हटलं असतं तर मी दुष्ट ठरलो असतो. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी बिचारा. मला बिचारा व्हायचं होतं. म्हणून मी घरोघर नकार गोळा करायला निघालो.

बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही ठरवा." लग्नाला 26 वर्षं झाली आहेत. या दोन शब्दांवर मी आजवर काहीही ठरवलेलं नाही, आणि ठरवलं तेव्हा ते सोफ्याचं कापड परत बदलावं लागलं.

मग आई. आईवर माझी खरी भिस्त होती. बाजीरावला घरी आणला, तेव्हा तिने दोन दिवस जेवणावर राग काढला होता आणि देवघराला आडवं फळकूट लावून घेतलं होतं. मी चेहरा पाडून तिच्याजवळ बसलो. म्हटलं, "आई, तीन म्हणजे जास्तच होतील, नाही?" जपाची माळ थांबली. "अरे, दत्ताच्या पायाशी चार असतात," ती म्हणाली, "तू दोनावर काय अडलायस?" मी म्हटलं, ते चार वेद असतात. ती म्हणाली, "मग तुझ्याकडे निम्मेच झालेत."

कामाच्या मावशी नक्की काम सोडतील, अशी मला आशा होती. केसांवरून त्या रोज बोलतात. त्या म्हणाल्या, "दादा, फरशी तर एकदाच पुसायची. केस दोघांचे काय न् तिघांचे काय. पाचशे वाढवा." मी चारशे म्हटलं. त्या पाचशेवर ठाम राहिल्या, आणि घासाघीस आटपल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपण ज्याला विरोध करायला आलो होतो त्याचाच भाव ठरवून बसलोय.

शेवटचा भरवशाचा माणूस म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. तीन वर्षांपूर्वी ठमीला लिफ्टमधून न्यायला त्यांनी बंदी घातली होती. तेव्हा मी भारतीय पशुकल्याण मंडळाचं 2015 सालचं परिपत्रक शोधून काढलं, त्याला प्लास्टिक चढवलं आणि भर सर्वसाधारण सभेत त्यांच्या टेबलावर ठेवलं. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला बहुमतानेसुद्धा बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, वगैरे. टाळ्या पडल्या होत्या, मुख्यतः माझ्याच. आता मी त्यांच्यासमोर उभा राहून म्हटलं, "साहेब, एका फ्लॅटमध्ये तीन कुत्री म्हणजे इतरांना त्रास होईल ना?" त्यांनी खण उघडला, तोच प्लास्टिकचा कागद काढला आणि माझ्या हातात ठेवला. "आम्हाला अधिकार नाही," ते म्हणाले. त्या माणसाला इतकं समाधानी मी कधी पाहिलं नव्हतं.

जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या इतिहासवेड्या काकांनी गाठलं. त्यांना बातमी आधीच कळली होती. सातारच्या शाहू महाराजांचा खंड्या कुत्रा, त्याने म्हणे शिकारीत महाराजांना वाघापासून वाचवलं, त्याला पालखीचा मान होता, संगम माहुलीला त्याची समाधी आहे, हे सगळं त्यांनी पिशवीतलं दूध तापेस्तोवर ऐकवलं. वर बाजीराव पलंगाखाली होता. शेजारच्यांचा कुकर झाला होता.

राहता राहिले जनावरांचे डॉक्टर. त्यांच्याकडे मी खर्चाचा कागदच घेऊन गेलो. रेबीजची लस वर्षाला एकदा, जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, गोचिडांचं औषध, नखं, कान, महापालिकेचा परवाना, सगळं गुणिले तीन. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि बेरजेतली चूक काढली. मग म्हणाले, "दोन कुत्री एकमेकांकडे बघतात. तीन झाली, की दोन मिळून तिसऱ्याकडे बघतात. तेवढं सांभाळा. थेट घरात आणू नका. पहिली भेट बाहेर, कुणाचाच हक्क नसलेल्या जागी. घरात प्रत्येकाचं जेवण वेगळ्या कोपऱ्यात. आणि फिरवताना एका माणसाने एकच कुत्रं धरायचं." शेवटची अट त्यांनी दोनदा सांगितली.

बायकोचा गुडघा त्या रविवारी दुखत होता.

तर सकाळी सहाला मी एकटा, तीन पट्टे घेऊन, वेताळ टेकडीवर. मी वजनाचा हिशोब केला होता. बाजीराव 32, ठमी 18, कोको 12, एकूण 62. माझं वजन 64. दोन किलोंचं का होईना, बहुमत माझं होतं.

पहिली दहा मिनिटं इतकी छान गेली, की मी मनातल्या मनात माघार घ्यायला लागलो होतो. कोकोने ठमीला हुंगलं, ठमीने गुरगुरून आपला हुद्दा सांगितला, कोकोने तो मान्य केला. बाजीराव दोघींपासून सारख्याच अंतरावर राहिला. फक्त पट्टे हळूहळू एकमेकांत चालले होते. दोन पट्टे एकमेकांत अडकले, तर त्यांचा पीळ होतो. उलटं फिरलं, की सुटतो. हे मला नऊ वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. पण तिसरा पेड आला, की वेणी होते. आणि वेणी कशी सुटते हे घरात तिघांपैकी दोघींना माहीत आहे, मला नाही.

मी वेणीकडे बघत असताना झुडपातून मोर निघाला. टेकडीवर मोर आहेत, त्यात नवल नाही. पण बीगल ही जात शेकडो वर्षं सशांच्या मागे धावण्यासाठी वाढवलेली आहे, आणि कोकोच्या लेखी तो निळा ससा होता. ती एक लांब हाळी घालून सुटली. बाजीराव मोराला बघून बरोबर विरुद्ध दिशेला सुटला. ठमी जागची हलली नाही, तिने नुसती बैठक मारली, त्यामुळे ती या यंत्राचा कणा झाली आणि मी तिच्याभोवती फिरलो. सव्वा फेरी झाल्यावर पाय संपले.

मी पडलो तो नेमका हास्यक्लबच्या पुढ्यात. तीसेक ज्येष्ठ मंडळी दोन्ही हात आकाशाकडे करून खदाखदा हसत होती. मी पडण्यापूर्वीही हसत होती, पडताना हसत होती आणि मी "अहो, जरा हात द्या" म्हणालो तेव्हाही हसत होती. त्यांचा व्यायाम संपायला तीन मिनिटं होती. ती मी जमिनीवर काढली. मग शिट्टी वाजली, सगळे एकदम गंभीर झाले आणि एका आजींनी मला वेणीतून सोडवलं. दोन मिनिटांत, बोलत बोलत.

मनगट मुरगळलं होतं. घरी येताना दुखण्यापेक्षा आनंदच जास्त होता. आता तरी कुणीतरी 'नाही' म्हणेल. बायकोने दार उघडलं, माझा हात पाहिला, माझ्या पाठीमागे पाहिलं आणि म्हणाली, "एकटीच आली बिचारी अर्ध्या तासापूर्वी." कोको आमच्या उंबऱ्याच्या आत होती. सी विंगला गेली नव्हती, वॉचमनच्या खुर्चीकडेही नाही. आई तिच्यासमोर पाट मांडून बसली होती आणि म्हणत होती, "बस. बस म्हणते ना." कोको उभीच. तिला इंग्रजीच कळायचं. मी 'सिट' म्हटलं, ती बसली. आई माझ्यावरच उखडली. "मराठीला अभिजात दर्जा मिळालाय," ती म्हणाली, "तिला शिकू दे."

मी माझी फाइल मनातल्या मनात उघडली. डॉक्टरांनी अट सांगितली होती, ती दोनदा ऐकली होती, तरी चावी मीच फिरवली. दावा नामंजूर.

कोकोच्या लसीकरणाच्या कार्डावर मालक म्हणून आईचं नाव आहे. ती आता 'बस'ला बसते, 'चल'ला चालते. 'नाही' हा शब्द तिला अजून शिकवलेला नाही, आमच्याकडे शिकवायला कुणी नाही.

टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांना एक विनंती आहे. तीन पट्ट्यांत गुंडाळलेला एक माणूस आडवा दिसला, तर आधी लाल पट्टा धरा. तो कोकोचा. बाजीरावची काळजी करू नका, तो तुमच्याच मागे लपलेला असेल.