परवाना कडकच ठेवा, साहेब

प्रति,
मा. परवाना अधिकारी साहेब,
(आपली खुर्ची ज्या देशात असेल, त्या देशाचं नाव आपणच भरून घ्यावं.)

विषय : शिक्षण संपलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना नोकरीचा परवाना देताना ढिलाई न करण्याबाबत.

महोदय,

तंजावरहून साष्टांग नमस्कार. आपण नियम आवळत आहात हे वाचून बरं वाटलं. कॅनडाने १ नोव्हेंबर २०२४ पासून पदवीनंतरच्या परवान्याला भाषेची परीक्षा लावली. म्हणजे ज्या मुलीने तिथल्याच विद्यापीठात चार वर्षं इंग्रजीतून पेपर लिहिले, तिने आपल्याला इंग्रजी येतं हे पुन्हा पैसे भरून सिद्ध करायचं. ब्रिटनमध्ये दोन वर्षं मिळायची. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष, डॉक्टरेटवाले तेवढे वगळून. अमेरिका बारा महिने देते, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी चोवीस. पण पहिल्या बारा महिन्यांत नव्वद दिवसांच्या वर बेकार राहिलात तर गाशा गुंडाळा. लोक याला जाच म्हणतात. आम्हा तंजावरच्या मराठी मंडळींना तसं म्हणायला तोंड नाही. परवाना सैल सोडला की काय होतं, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आमचे व्यंकोजीराजे इथे आले ते विजापूरच्या नोकरीत, १६७५ च्या आसपास. काम ठरलेलं होतं. मदुरेच्या नायकाचा माणूस अळगिरी तंजावर बळकावून बसला होता, त्याला हुसकायचं, जुन्या नायक घराण्यातल्या चेंगमलदासाला गादीवर बसवायचं आणि बंगळूरच्या जहागिरीला परत फिरायचं. आपल्या भाषेत बोलायचं तर एकच मालक, एकच काम, एकच ठिकाण, असा बांधीव परवाना. राजांनी काम चोख केलं. फक्त शेवटचं कलम, परत जाण्याचं, तेवढं राहून गेलं. चेंगमलदासाला बाजूला सारून ते स्वतःच गादीवर बसले. विजापूरने नोटीस काढावी, तर पुढच्या दहा-अकरा वर्षांत विजापूरचीच मुदत संपली.

नाही म्हणायला चौकशी झाली होती. १६७७ साली राजांचे थोरले भाऊ शिवाजी महाराज कर्नाटकात उतरले, तिरुमलवाडीला भावाभावांची भेट झाली आणि वडिलांच्या मिळकतीतल्या वाट्याचा विषय निघाला. कागदपत्रं दाखवण्याची वेळ आली तसे आमचे राजे रातोरात कोळ्ळिडम ओलांडून तंजावरला पोचले. शिवाजी महाराजांच्या छावणीतून जो निसटतो, त्याला आपल्या विमानतळावरच्या खिडकीचं काय कौतुक?

पुढे १८५५ साली शेवटचे राजे, तेही शिवाजीच, मुलाविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केलं. हिशेब केलात तर १८० वर्षं भरतात. कॅनडात शिक्षण संपल्यावर परवान्याच्या अर्जासाठी १८० दिवस मिळतात. आकडा तोच आहे. दिवस की वर्षं, हे आमच्या घराण्याने नीट वाचलं नसावं.

या मुदतबाह्य वास्तव्यात गावाचं जे नुकसान झालं त्याची मोजदाद करू म्हटलं तर आपली फाइल पुरणार नाही. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे यांनी एक नाटक लिहिलं, त्यात पात्रं संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांत बोलतात. भाषेच्या परीक्षेला बसवलं असतं तर परीक्षकानेच कपाळाला हात लावला असता. बरं, राजे मराठी, दरबारचं गाणं-नाटक बरंचसं तेलुगूत आणि प्रजा तमिळ. यातल्या कुणाकडेही कसला दाखला नव्हता.

दुसऱ्या सरफोजीराजांचं प्रकरण तर सरळसरळ विद्यार्थ्याचं. त्यांचे गुरू श्वार्ट्झ, जन्माने प्रशियाचे. १७५० साली डॅनिश मिशनमार्फत तरंगंबाडीला उतरले, धर्मप्रसार या एका कामासाठी. पुढे हे गृहस्थ कंपनीचा निरोप घेऊन हैदर अलीकडे गेले, तंजावरला शाळा काढली, राजपुत्राला शिकवलं आणि १७९८ मध्ये इथेच देह ठेवला. येण्याचा हेतू बदलल्याबद्दल आज त्यांना पुढच्या जहाजाने परत पाठवलं असतं.

आणि शिष्याने काय केलं? १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांच्या हाती किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि वसुलीचा पाचवा हिस्सा राहिला. म्हणजे नोकरी गेलेला, घरी बसलेला सुशिक्षित माणूस. आपला नव्वद दिवसांचा नियम अशांसाठीच आहे. मोकळ्या वेळात राजांनी सरस्वती महालात जगभरची पुस्तकं आणून भरली, १८०५ च्या सुमारास देवनागरीचा छापखाना घातला आणि त्यात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. पुण्या-मुंबईकडे मराठी पुस्तकाला अजून खिळे मिळायचे होते तेव्हाची ही गोष्ट. धन्वंतरी महालात रोग्यांच्या डोळ्यांवर उपचार चालत. ते केसपेपर आजही आहेत, रोग्याच्या डोळ्यांच्या हाताने रंगवलेल्या चित्रांसकट. बुबुळावरचा पडदा चित्रकाराने इतका निगुतीने काढलाय की पाहणाऱ्याच्या डोळ्याला पाणी यावं. वैद्यकीची सनद? नाव काढू नका.

बरं, ही खोड राजवाड्यापुरती असती तर मिटलं असतं. कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले, आमच्याच मराठी मंडळींतले टी. माधवराव मद्रासला शिकले, १८४६ मध्ये तिथून उत्तीर्ण झाले. साहेब, आपल्यासमोर येणारा अर्जदार हुबेहूब हाच : परगावी शिकलेला, मार्क चांगले, अनुभव शून्य. त्यांनी पुढे त्रावणकोरच्या राजपुत्रांची शिकवणी धरली, मग तिथलेच दिवाण झाले. तिथून इंदूर. तिथून बडोदा. तीन वेगवेगळी संस्थानं, तिन्हीकडे परके, आणि तिन्हीकडची विस्कटलेली घडी यांनी बसवून दिली. खुद्द त्रावणकोरात मात्र लोक ओळखून होते. १८९१ साली तिथल्या दहा हजारांवर लोकांनी महाराजांना अर्ज दिला, की चांगल्या नोकऱ्या बाहेरून आलेले ब्राह्मण खातात, आमच्या शिकलेल्या पोरांनी काय करायचं? गाऱ्हाणं खोटं नव्हतं. पोरं शिकली होती आणि नोकऱ्या खरंच मिळत नव्हत्या. माधवराव त्याच वर्षी वारले, म्हणून आज तुमच्याकडे त्याच गाऱ्हाण्यावर निवडणुका होतात हे पाहायला ते नाहीत.

आता खुर्ची दिल्लीत असेल, तर मात्र आपल्याला सल्ला देण्याची माझी पात्रता नाही. तिथे सगळं आधीच पक्कं आहे. माझी पुतणी टोरांटोजवळ शिकली. ती फोनवर कुरकुरते, की काका, पासपोर्ट ज्या दिवशी संपतो त्या दिवशीच परवानाही संपवतात. मी म्हणतो, बाई, निदान संपायला परवाना तरी आहे! समजा, श्रीलंकेतल्या जाफन्याची एक मुलगी नागपट्टणमच्या बोटीने आली आणि आमच्या तमिळ विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडली. भाषा इथलीच, देव इथलेच, जेवणसुद्धा जवळपास इथलंच. तिला तंजावरात नोकरी करायची तर पदवीनंतरची दीड वर्षं नाहीत की बारा महिने नाहीत. तिला वेगळा नोकरीचा व्हिसा हवा. त्यासाठी पगार सालीना सव्वासोळा लाखांच्या वर हवा आणि काम असं हवं, की ज्याला लायक भारतीय उमेदवार ढिगाने मिळत नाहीत. पहिलीवहिली नोकरी आणि सव्वासोळा लाख, तेही तंजावरात! इथे एवढा पगार ऐकला तर मुलीचं अभिनंदन करायला कलेक्टर स्वतः येतील. पोरांना दीडच वर्ष मिळणार म्हणून ब्रिटनच्या नावाने बोटं मोडणारे आमचे पुण्याचे नातेवाईक या नियमाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. त्यांना तो माहीतच नाही, कारण त्यांच्या घरातलं कुणी या बाजूने रांगेत उभं राहिलेलं नाही.

अर्थात सरकार निर्दय नाही. पगाराच्या अटीतून आपापल्या देशाचं जेवण रांधणारे आचारी सुटतात, आणि इंग्रजी सोडून इतर भाषा शिकवणारेही. त्या मुलीने पदवीचा कागद घडी घालून ठेवावा आणि इडियाप्पमला सोदी करायला लागावं. आमच्या घराण्याच्या बाबतीत हा नियम लावून पाहिला. व्यंकोजीराजे बाद, शिपाईगिरीला लायक माणसं इथे पुष्कळ होती. शहाजीराजे बाद, श्वार्ट्झसाहेब बाद. आमसुलं संपली म्हणून आमटीत चिंच कोळून घालणारा आणि त्यातून सांबार जन्माला घालणारा राजवाड्यातला आचारी मात्र (गोष्ट ऐकीव आहे, कागद कुठलाच नाही) पहिल्या फेरीतच पास.

अर्जात आपण विचारता, की पूर्वी कधी मुदतीपलीकडे राहिला आहात काय. पुतणीने ‘नाही’वर खूण केली, ते तिच्यापुरतं खरं आहे. घराण्याबद्दल विचाराल तर आम्ही काही लपवलेलं नाही. बृहदीश्वराच्या देवळात नैऋत्येच्या अंगाला भोसल्यांचा सगळा इतिहास १८०३ साली मराठीत कोरून ठेवलाय, कोण कधी आलं, कुणानंतर कोण गादीवर बसलं, सगळं. एवढी भिंत स्कॅन करून अपलोड होत नाही. आपलं संकेतस्थळ मोठी फाइल घेत नाही. तेव्हा पडताळणीसाठी आपणच यावं. पर्यटक व्हिसा मिळेल. दुपारी दगड फार तापतो आणि देवळात अनवाणीच चालावं लागतं, म्हणून सकाळी लवकर या. आणि इथे आलात, गाव आवडलं, तरी नोकरीबिकरी शोधू नका. स्वयंपाक येत असेल तर गोष्ट वेगळी.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
तंजावरचा एक रायर (म्हणजे इथला मराठी माणूस)
(वास्तव्याचा कालावधी : चौकशी चालू)