खचा, पण सगळे मिळून

पाया या विषयाच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो : इमारत किती खचलेली चालेल? दर वर्षी एखादा सज्जन विद्यार्थी ताठ मानेनं सांगतो, "अजिबात नाही, सर." मग परीक्षक हातातला चहाचा कप खाली ठेवतात आणि पुढची दहा मिनिटं त्या पोराचं काही खरं नसतं.

कारण मातीवर उभं केलेलं सगळंच थोडंफार खचतं. आयएस १९०४ या भारतीय मानकात, मऊ चिकणमातीत सुट्या फुटिंगवर, म्हणजे प्रत्येक खांबाच्या स्वतंत्र पायावर, उभ्या असलेल्या आरसीसी इमारतीला ७५ मिलिमीटर खचायची मुभा आहे. म्हणजे जवळजवळ तीन इंच! राफ्ट, म्हणजे सगळ्या इमारतीखाली एकच सलग पाया, असेल तर १०० मिलिमीटर. वीस वर्षांचं कर्ज काढून फ्लॅट घेणाऱ्याला हा आकडा सहसा कुणी सांगत नाही. पुढची अट मात्र कडक आहे. सुट्या फुटिंगच्या दोन खांबांमध्ये सहा मीटर अंतर असेल, तर त्यांच्या खचण्यातला फरक ९ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. एकत्र कुटुंबात सगळ्यांच्या वाटीत ताक असलं तर कुणी कुरकुरत नाही. एकाच्याच वाटीत दही दिसलं की भिंतीला तडा जातो, तसंच हे.

मातीच्या या शास्त्राचे आद्य पुरुष कार्ल टेरझागी. जन्म १८८३, प्राग. इस्तंबूलला शिकवत असताना त्यांनी मिळेल त्या जुन्यापुराण्या सामानातून उपकरणं जुळवली आणि चिकणमाती दाबली की तिच्यातलं पाणी किती सावकाश बाहेर पडतं, हे मोजत बसले. १९२५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि माती हा गणिताचा विषय झाला. गणितही असं की कोष्टकं बघून, गुणक लावून, दशांश चिन्हापुढे चार अंकांपर्यंत मातीची धारणक्षमता काढायची आणि शेवटी त्या उत्तराला सरळ तीननं भागायचं. याला सुरक्षा गुणांक म्हणतात. इतक्या नम्रतेनं आपल्या अज्ञानाला भाजक बनवणारं दुसरं शास्त्र मला माहीत नाही.

मातीची चाचणीही तितकीच साधी. बोअर घेऊन त्यात नळी उभी करायची, तिच्यावर ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून सोडायचा आणि ती जमिनीत ३० सेंटिमीटर उतरायला किती ठोके लागले ते लिहायचं. त्याआधीचे १५ सेंटिमीटर हिशेबात धरायचे नाहीत, कारण बोअरच्या तळाची माती ढवळलेली असते. भर उन्हात एक जण दोर ओढतो, एक मोजतो आणि एक झाडाखाली बसून वहीत आकडे भरतो. त्या वहीवर पुढे बारा मजले उभे राहतात, म्हणून ठोके मोजणाऱ्याच्या चहापाण्यात कंजुषी करू नये असं माझं मत आहे.

विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत मात्र टेरझागींनीही टोपी काढली असती. कपाशीला ही आई, घराला सावत्र आई. मे महिन्यात आटून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात पाणी पिऊन ती अशी फुगते की वरचं हलकं घर उचलून धरते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग उन्हाळ्यात रुंदावते, श्रावणात मिटते. घरमालक दिवाळीला तिच्यात सिमेंट भरतो, पुढच्या वैशाखात ती पुन्हा हजर. जुन्या गावांनी शेतं काळीत आणि वस्ती पांढरीत ठेवली, त्यात शहाणपण होतं. आता एनए, म्हणजे बिगरशेती झालेल्या काळीतच प्लॉट पडतात. त्यावर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं चांगला तोडगा काढला : खाली कांद्यासारखा फुगवटा असलेला पाईल, म्हणजे जमिनीत खोल जाणारा खांब. तो साडेतीन मीटरच्या आसपास, जिथं ऋतूंची ओल-सुकी पोचत नाही तिथं पाय रोवतो. वरची माती कितीही फुगो, घर तिच्या नादी लागत नाही.

एका बाजूला जास्त खचण्याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे पिसाचा मनोरा. काम ११७३ मध्ये सुरू झालं, पुढे काही वर्षांत थांबलं ते जवळजवळ शतकभर. त्या अवधीत खालच्या चिकणमातीतलं पाणी निथळलं, ती घट्ट झाली. सलग बांधला असता तर मनोरा तेव्हाच कोसळला असता, असं तज्ज्ञ सांगतात. (आपल्याकडच्या रखडलेल्या उड्डाणपुलांच्या कंत्राटदारांनी हा दाखला देऊ नये.) १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद झाला. मग झुकलेल्या बाजूला टेकू देण्याऐवजी, समोरच्या म्हणजे उत्तरेच्या बाजूखालची माती थोडी थोडी काढून घेतली. जी बाजू कमी खचली होती, तिलाच खचवलं! मनोऱ्याचा माथा चाळीसेक सेंटिमीटर मागे आला आणि २००१ मध्ये दारं पुन्हा उघडली.

अजिबात न खचणाऱ्याची गतही बघण्यासारखी आहे. मेक्सिको सिटी जुन्या तळ्याच्या गाळावर वसलंय. भूजल उपसून शहर कित्येक मीटर खाली गेलं. १९१० चा स्वातंत्र्याचा देवदूत-स्तंभ मात्र खोल पायामुळे जागचा हलला नाही. रस्ता खाली जात राहिला आणि स्तंभापर्यंत चढायला नंतर १४ पायऱ्या वाढवाव्या लागल्या.

तेव्हा फ्लॅट बघायला जाल तेव्हा टाइल्सवर टकटक करून झाली, नळ सोडून झाले, की बिल्डरकडे माती परीक्षणाचा अहवाल मागा. सगळा कळला नाही तरी चालेल. पाया कोणत्या थरावर टेकलाय आणि किती खचणं गृहीत धरलंय, एवढी दोनच पानं शोधा. "आमची बिल्डिंग एक मिलिमीटरसुद्धा खचणार नाही," असं तो म्हणाला, तर दुसरीकडे बघा.