दोन्ही दिवस धरून

राजाजीनगरात माणसांना नावे असतात आणि रस्त्यांना आकडे. अमक्या ब्लॉकातील तमक्या मेनवरचा फलाणा क्रॉस, ही तिन्ही परिमाणे ज्यास मुखोद्गत नाहीत त्याने भाष्यम सर्कलपाशी रिक्षातून पायउतार व्हावे आणि उर्वरित मार्ग दैवावर हवाला ठेवून क्रमावा, असाच या वसाहतीची आखणी करणाऱ्यांचा मानस असावा. आकड्यांचे हे प्राबल्य स्थानमाहात्म्यास धरूनच आहे. कारण ज्या चक्रवर्ती राजगोपालाचारींचे नाव या वस्तीस दिलेले आहे, त्यांनीच मद्रास इलाख्याचे मुख्य प्रधान असताना 1939 साली विक्रीकराचा कायदा करून तेथील दुकानदारांना वहीपुढे अंतर्मुख होण्याची सवय लावली. अशा पुरुषाच्या नावाने चालणाऱ्या नगरात बसून प्राप्तिकराचे विवरणपत्र भरणे हे, माझ्या मते, आळंदीत बसून ज्ञानेश्वरी वाचण्याइतकेच औचित्यपूर्ण होय. परंतु माझ्या भाच्यास हे माहात्म्य पटवून देणे मला साधले नाही.

हा भाचा एका संगणक कंपनीत चाकरीस आहे. तालुक्याच्या उपकोषागारात उभी हयात काढलेला मामा घरात पाहुणा म्हणून उपस्थित असताना, हिशेबासाठी त्याचा सल्ला न घेता या मुलाने प्रोग्राम लिहावयास बसावे, याचे मला प्रथमतः वैषम्य वाटले. पण 2025 सालच्या त्या उन्हाळ्यात विवरणपत्राची मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबरवर गेली होती. आणि जे काम कागद-पेन्सिलीने एका दुपारी उरकते ते यंत्राकडून करवून घेण्याची विद्या सिद्ध करण्यात मिळालेली संपूर्ण मुदतवाढ खर्ची घालावी, ही त्या व्यवसायाची कुलपरंपराच असल्याचे पुढे माझ्या ध्यानी आले.

मूळ काम म्हटले तर क्षुल्लक होते. 23 जुलै 2024 रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पाने शेअर आणि इक्विटी म्युच्युअल फंड यांच्या विक्रीवरील नफ्याचे दर ऐन वर्षाच्या मध्यावर बदलले : बारा महिन्यांहून अधिक काळ बाळगलेल्या मालावर दहा टक्के होते ते साडेबारा झाले, त्याहून अल्प काळ बाळगलेल्या मालावर पंधरा होते ते वीस झाले, आणि हे नवे दर 23 जुलैपासून, तो दिवस धरून, लागू झाले. वास्तविक 1867 पासून या देशाचे सरकारी वर्ष 1 एप्रिलला उघडते आणि 31 मार्चला मिटते. मधल्या काळात त्याची कूस कोणी उसवू नये असा संकेत आहे. तो मोडल्यामुळे भाच्याच्या खरेदी-विक्रीच्या काही शेकडो ओळी दोन ढिगांत विभागणे प्राप्त झाले. 22 जुलैपर्यंतच्या विक्रीचा एक ढीग आणि 23 जुलैपासूनच्या विक्रीचा दुसरा. तारीख पाहायची आणि ओळ डावीकडे किंवा उजवीकडे सारायची. आमच्या कचेरीत हे काम शिपायास सांगत असत, आणि तो ते चहाचे कप उचलता उचलता करीत असे.

भाच्याने यासाठी योजलेल्या साधनास पांडाज असे नाव आहे. वेस मॅकिनी नावाच्या एका अमेरिकन तरुणाने 2008 साली, गुंतवणुकीचा व्यवहार करणाऱ्या एका संस्थेत नोकरीस असताना, दिवसागणिक पालटणाऱ्या बाजारभावांच्या रकान्यांना शिस्त लावण्यासाठी ते रचावयास घेतले. अर्थात त्याचा जन्म हिशेबाच्याच कचेरीतला. त्याच्या अंगी असलेल्या प्रचंड वेगाविषयी मला पूर्ण आदर आहे. त्या वेगाच्या जोडीस त्याच्या अंगी जी विलक्षण गंभीर मुद्रा आहे, तीच सर्व अनर्थाचे मूळ होय. कारण चूक करतानाही ती यत्किंचित ढळत नाही.

पहिल्या दिवशी सायंकाळी भाच्याने मला अभिमानाने दोन्ही ढीग दाखवले. उजवीकडच्या, म्हणजे महाग दराच्या, ढिगात 7 ऑगस्टची एक विक्री होती. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आपण काही विकल्याचे भाच्यास स्मरेना. मी मूळ फर्दीवर बोट ठेवले. तेथे 08/07/2024 असा स्वच्छ मजकूर होता. आपल्याकडे दिवस आधी आणि महिना मागून येतो; अमेरिकेत महिना पुढे असतो आणि दिवस त्याच्या पाठीमागून चालतो; आणि खुलासेवार हुकूम नसेल तर पांडाज आपल्या जन्मभूमीचा रिवाज पाळते. म्हणून 8 जुलैची विक्री 7 ऑगस्टला जाऊन बसली आणि तिच्यावर अडीच टक्क्यांचा भुर्दंड पडला. इथवरही ठीक होते. परंतु त्याच रकान्यात पुढे 25/07/2024 अशी तारीख होती, आणि वर्षास पंचवीस महिने नसल्यामुळे यंत्राने ती निमूटपणे 25 जुलै अशी वाचली. तात्पर्य, एकाच रकान्यातील बारा तारखेपर्यंतचे व्यवहार शिकागोत आणि तेरा तारखेपासून पुढचे पुण्यात, अशी वाटणी झाली होती, आणि तिच्याविषयी कोणासही अवाक्षराने कळवण्यात आले नव्हते. 2023 साली निघालेल्या आवृत्तीपासून यंत्र अशा प्रसंगी निदान हरकत घेते, असे भाचा म्हणाला. त्याच्याजवळची आवृत्ती अर्थातच जुनी होती. इतरांस अद्ययावत राहण्याचा उपदेश करणारे लोक स्वतः बहुधा मागच्या आवृत्तीवरच नांदतात.

तारखांची ही दुरुस्ती झाल्यावर त्याने पुन्हा दोन ढीग पाडले. मी एकच प्रश्न विचारला.

"दोन्ही ढिगांची बेरीज मूळ ओळींइतकी भरते का?"

"भरणारच की, मामा. जी ओळ इकडे नाही, ती तिकडे असणार."

"भरते का, एवढेच सांग."

एक ओळ कमी भरली. ती 22 जुलै, सोमवार, दुपारी दोनच्या सुमारास झालेल्या विक्रीची होती. 22 जुलैपर्यंतच्या ढिगात ती नव्हती, 23 जुलैपासूनच्या ढिगातही नव्हती. तिच्या अंतर्धानाची चौकशी करता असे निष्पन्न झाले की, '22 जुलै' एवढेच लिहून त्याहून लहान-मोठेपणा ताडण्यास सांगितले असता यंत्र त्या दिवसाचा केवळ प्रारंभक्षण, म्हणजे मध्यरात्रीचा पहिला ठोका, हिशेबात घेते. त्या क्षणापर्यंतचे सर्व व्यवहार एका बाजूस घेतल्यावर सोमवारचा संपूर्ण दिवस, बाजार उघडण्याच्या सव्वानऊपासून मिटण्याच्या साडेतीनपर्यंत, हद्दीच्या बाहेर पडतो आणि मंगळवार उजाडेपर्यंत दुसरी हद्द सुरू होत नाही. अशा रीतीने ती विक्री दोन दरांच्या मधल्या निर्मनुष्य प्रदेशात उभी राहिली, जेथे सरकारचा हात पोचत नाही. भाच्याची प्रथम प्रतिक्रिया ही विक्री तेथेच सुखाने राहू द्यावी अशी होती. चोख हिशेबाच्या खात्यात जन्म गेलेल्या मनुष्यास असली थट्टा सोसत नाही.

अधिक विस्मयाची गोष्ट पुढेच आहे. हाच प्रश्न यंत्रास दुसऱ्या वळणाने, म्हणजे अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतचा तुकडा कापून दे, असा विचारला, तर ते 22 जुलैचा अखंड दिवस बिनतक्रार आत घेते. आणि ज्या पायथन भाषेत हे सारे लिहितात तिच्यातील साध्या यादीस 'पाचव्या स्थानापर्यंत' म्हणून सांगितले, तर ती शेवटले स्थान वगळते. एकाच वाड्यात तीन बिऱ्हाडे आणि तिघांच्या एकादश्या निराळ्या. आमच्या कचेरीत किरकोळ रजेच्या अर्जावर 'दोन्ही दिवस धरून' हे शब्द नसतील तर अव्वल कारकून अर्ज हातीसुद्धा धरीत नसत, आणि रविवार पुढे जोडला आहे की मागे, याचाही खुलासा मागत. तरुणपणी आम्ही त्यांस छळवादी म्हणत असू. त्यांची तसबीर या संगणकाच्या पडद्याशेजारी लावावी असे मी सुचवले. भाच्याने त्याऐवजी प्रोग्राममध्ये '23 जुलैच्या आधीचे' आणि '23 जुलै व त्यानंतरचे' अशी दुरुस्ती केली. तीही वाईट नाही.

यानंतर दुसऱ्या एका दलालाकडील फर्द आली. तिच्यातील वेळा ग्रिनिचच्या होत्या. आपली प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे, 23 जुलैच्या मध्यरात्रीची म्हणून नोंदलेली विक्री तेथे 22 जुलैच्या सायंकाळी साडेसहाला झालेली दिसते, आणि वेळ छाटून नुसती तारीख ठेवली की ती कायमची 22 जुलैची होऊन जाते. याचा इत्यर्थ असा की, नव्या दराची विक्री जुन्या दराच्या ढिगात जाऊन बसली.

"मामा, ही चूक आपल्या बाजूची आहे," भाचा आवाज उतरवून म्हणाला.

"सरकारचा दिवस ग्रिनिचला उगवत नाही," मी बजावले.

परक्या ठिकाणच्या घड्याळाशी हुज्जत घालण्याची कला आता कोणास अवगत नाही. 1 जानेवारी 1906 रोजी हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईने 39 मिनिटे मागे चालणारी आपली स्वतंत्र वेळ 1955 सालापर्यंत सोडली नव्हती. त्या काळात कोणी असा प्रोग्राम लिहिला असता, तर एकट्या मुंबई बाजारासाठी त्यास निराळे प्रकरण जोडावे लागले असते, आणि माझ्या भाच्याची मुदतवाढ दिवाळीपर्यंत असती तरी पुरली नसती.

दिवाळीचा उल्लेख सहज आला, परंतु तिनेच शेवटला घोटाळा केला. बाजार शनिवार-रविवारी बंद असतो, या सर्वमान्य समजुतीवर विसंबून भाच्याने शनिवार-रविवारच्या तारखा असलेल्या सर्व ओळी चुकीच्या समजून काढून टाकण्याचा हुकूम यंत्रास दिला. आता लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुंबईचे शेअरबाजार मुहूर्ताच्या सौद्यांसाठी तासभर उघडतात, ही चाल 1957 पासूनची. आणि 2023 साली लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला, म्हणजे नेमके रविवारी, आले होते. त्या शुभमुहूर्तावर माझ्या भगिनीच्या आग्रहावरून भाच्याने काही शेअर घेतले होते. हुकूम सुटताच ती खरेदी नाहीशी झाली. विक्री मात्र शिल्लक राहिली, कारण ती एका अशुभ पण कामकाजाच्या बुधवारी झाली होती. खरेदीची नोंद सापडेना, तेव्हा यंत्राने खरेदीची किंमत शून्य धरली आणि विक्रीची सर्व रक्कम नफा म्हणून गंभीरपणे मांडली. 20 जानेवारी 2024 या शनिवारीही बाजार उघडा होता. त्या दिवशीच्या सौद्यांची हीच गत झाली. ज्या ओळींत तारीखच नव्हती त्या तर शून्य समजल्या गेल्या, आणि यंत्राच्या कालगणनेचा आरंभ 1 जानेवारी 1970 असल्यामुळे सगळ्या मिळून त्या दिवशी जाऊन उभ्या राहिल्या. हे दृश्य मला अपरिचित नव्हते. आमच्या पिढीत जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलास शाळेत घालताना मास्तर 1 जून लिहून मोकळे होत, आणि म्हणून निम्मा महाराष्ट्र एकाच दिवशी सेवानिवृत्तीच्या वयास पोचतो.

अखेर ढीग बरोबर पडले, ताळा जमला, कर भरला गेला. मुदतीस काही दिवस अवकाश होता, त्यामुळे एका संध्याकाळी कॉफीनंतर मी कुतूहलाने विचारले की, हे यंत्र मागे कुठपर्यंत जाते. भाच्याने सांगितले की, त्याच्या जुन्या आवृत्तीत काळ 1970 पासून नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागांत, मोजला जातो, आणि एवढ्या बारीक मापाने एका ठरावीक आकाराच्या संख्येत दोन्ही दिशांस सुमारे 292 वर्षेच मावतात. त्यामुळे त्याची स्मृती 21 सप्टेंबर 1677 रोजी सुरू होते आणि 11 एप्रिल 2262 रोजी संपते. पुढच्या मर्यादेची मला चिंता नाही. मागची मर्यादा मात्र मला अन्यायाची वाटली. 1638 साली हे बंगळूर विजापूरकरांनी केंपेगौडांकडून घेतले आणि शहाजीराजांच्या जहागिरीत दिले. ती तारीख घालताच यंत्राने ती आपल्या आवाक्याबाहेर असल्याचे कळवले. 1674 चा राज्याभिषेकही त्याने त्याच शेऱ्यानिशी परत केला. मग मी 1687 घालावयास सांगितले. त्या साली मोगलांचा सरदार कासीमखान याने व्यंकोजीराजांकडून बंगळूर हिरावून घेतले, आणि पुढे ते तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराय वोडेयारांच्या हवाली केले. ही तारीख त्याने निमिषार्धात रुजू करून घेतली.

भाच्याचा हात सवयीने त्याच प्रोग्रामकडे गेला. विक्रीच्या रकान्यात तीन लाख लिहून झाल्यावर तो थबकला.

"मामा, खानाची खरेदीची किंमत काय धरायची?"

"दारूगोळा धर," मी म्हटले, "आणि फौजेचा पगार."

"तो खर्च वजा मिळत नाही," तो म्हणाला, "पावती लागते."